पुस्तक दोन ठिकाणी फुटलं

होस्टिंग बदलायचं कारण बहुतेक वेळा बिल असतं. सुरुवातीची वर्षं स्वस्तात मिळालेली जागा नूतनीकरणाच्या वेळी दुप्पट-तिप्पट दराने समोर येते, संस्थेचे खजिनदार तो आकडा पाहून चमकतात आणि मला फोन येतो. "मॅडम, साइट दुसरीकडे हलवता येईल ना? नाहीतरी आपली साइट बघतंय कोण?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हलवता येते. दुसरा प्रश्न मात्र मला दर वेळी बोचतो. मी सांगलीत राहून छोट्या संस्थांच्या साइट सांभाळते. वाचनालयं, शाळा, पतसंस्था, एक-दोन नियतकालिकं. या साइटवर रोज झुंबड उडत नाही हे खरंच आहे. पण तिथे जे लिहून ठेवलेलं असतं ते पुष्कळदा दुसरीकडे कुठेच नसतं. शाळेच्या माजी मुख्याध्यापकांनी लिहिलेला शाळेचा इतिहास, बंद पडलेल्या मासिकाचे शेवटचे अंक, गावच्या नाट्यमंडळाचे फोटो आणि फोटोखालची नावं. ती माणसं गेली, कागद गेले, आणि एका भाड्याच्या सर्व्हरवर तो मजकूर तेवढा शिल्लक राहिला. म्हणून साइट शिफ्ट करायचं काम मी कधीच किरकोळ समजत नाही.

कृष्णाकाठच्या एका वाचनालयाचं काम माझ्या मनात पक्कं बसलंय. त्या वाचनालयाची साइट २००६ मध्ये, तेव्हा इंजिनिअरिंगला असलेल्या एका सभासदाने हौसेने करून दिली होती, वर्डप्रेसवर. वर्डप्रेस तेव्हा जेमतेम तीन वर्षांचं होतं. बऱ्याच मराठी साइट त्या काळात वाचकाला आधी स्वतःचा फॉन्ट उतरवून घ्यायला लावायच्या. तो फॉन्ट नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा नुसता चिवडा दिसायचा. या मुलाने पहिल्या दिवसापासून युनिकोड धरलं, त्याबद्दल त्याचे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत. पुढे ग्रंथपाल बाई वाचनालय बंद झाल्यावर संध्याकाळी बसून एकेक गोष्ट टंकत गेल्या. व्याख्यानमालेतल्या भाषणांचे सारांश, दुर्मिळ पुस्तकांची यादी, गावातल्या जुन्या माणसांच्या आठवणी.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला आणि तळमजल्यावरची कपाटं पाण्यात गेली. इतिवृत्ताच्या वह्या, छापील अहवाल, दाखल नोंदवह्या, सगळ्याचा लगदा झाला. साइट दूरच्या सर्व्हरवर होती म्हणून वाचली. त्या भाषणांचा मूळ दस्तऐवज तेव्हापासून ती साइटच आहे.

होस्टिंगचे दर वाढले तेव्हा कार्यवाहांच्या ओळखीतल्या एका मुलाने ती नव्या कंपनीकडे कॉपी करून ठेवली. फाइली गेल्या, डेटाबेस गेला, मुखपृष्ठ उघडलं. डोमेन अजून जुन्याच सर्व्हरला पॉइंट केलेलं होतं आणि जुन्या जागेची मुदत संपायला थोडे आठवडे बाकी होते. बाईंनी नवी प्रत तपासायला घेतली आणि मला फोन केला.

"अगं, 'वाचनालय' नीट दिसतंय. 'मराठी' पण नीट आहे. पण 'पुस्तक' फुटलंय बघ. दोन ठिकाणी."

मी उघडून पाहिलं. प, त्यापुढे उकाराच्या जागी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह, मग स, परत तेच प्रश्नचिन्ह, मग तक. 'एक'मधला ए नव्हता. 'झाड'मधला झ नव्हता, 'ऐतिहासिक'मधला ऐ नव्हता. जोडाक्षर तर एकही शाबूत नव्हतं, कारण अक्षराचा पाय मोडणारं हलन्ताचं चिन्ह सगळीकडून नाहीसं झालं होतं. बाकी अक्षरं जिथल्या तिथे. घाईघाईत नजर टाकणाऱ्याला वाटावं, फॉन्टचा काहीतरी घोळ आहे, होईल नंतर नीट.

हा फॉन्टचा घोळ नव्हता, आणि तो नंतर आपोआप नीट होणारा नव्हता. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, उकार साठवायला तीन-तीन बाइट लागतात. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशा पाच खुणा, म्हणजे १५ बाइट. वर्डप्रेसचा मजकूर ज्यात साठतो त्या जुन्या मायएसक्यूएलला मात्र डेटाबेस तयार करताना अक्षरसंच सांगितला नाही, तर तो 'लॅटिन-१' धरून चालायचा. शब्द क्रमाने लावायची त्याची ठरलेली पद्धतसुद्धा स्वीडिश होती, कारण तो बनवणारी कंपनी मूळची स्वीडनची. २०१८ मध्ये ८.० आवृत्ती आली तेव्हा कुठे हे बदललं. वर्डप्रेसमध्येही डेटाबेसला अक्षरसंच सांगायची सोय २००७ च्या २.२ आवृत्तीपासून आली. ही साइट त्याच्या आधीची.

थोडक्यात, बाईंनी टंकलेलं सगळं मराठी इतकी वर्षं 'लॅटिन' अशी नोंद असलेल्या रकान्यांत होतं. आत ठेवताना आणि बाहेर काढताना दोन्ही वेळा तोच गैरसमज, त्यामुळे पडद्यावर काही बिघडत नव्हतं. जागा बदलायची म्हणून डम्प, म्हणजे डेटाबेसची फाइलरूप नक्कल, काढला आणि पहिल्यांदाच कुणीतरी त्या रकान्यांची नोंद खरी मानली. हे लॅटिन आहे ना, मग प्रत्येक बाइटचं एक लॅटिन अक्षर. 'म'च्या जागी तीन चिन्हं आली: डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन ए, चलनाचं गोल चिन्ह, आणि वर्तुळातला आर.

तो चिवडा पाहून त्या मुलाने फाइल एका कन्व्हर्टरमधून उलटी फिरवली, विंडोज-१२५२ या संचातून. विचार बरोबर होता. अडचण अशी की, विंडोज-१२५२ मध्ये २५६ जागांपैकी पाच रिकाम्या आहेत. त्या पाच जागांवर पडणारे बाइट कन्व्हर्टरला ओळखता आले नाहीत, त्याने तिथे प्रश्नचिन्हं टाकली. ए, ऐ, झ, ऱ्हस्व उकार, हलन्त, चंद्रबिंदू, ॐ. यांचा तिसरा बाइट नेमका त्या पाचांपैकी एक असतो. युनिकोडचा तक्ता समोर घेऊन मी एकेक अक्षर ताडून पाहिलं, तेव्हा 'वाचनालय' का वाचलं आणि 'पुस्तक' का फुटलं हे लख्ख कळलं. 'वाचनालय' आणि 'मराठी' या शब्दांत त्यातली एकही खूण नाही. 'पुस्तक'मध्ये दोन आहेत.

इंग्रजी साइटवर हाच उपाय बिनबोभाट चालून जातो, म्हणून त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नव्हता. पण नवी प्रत निकामी झाली होती. प्रश्नचिन्ह पडल्यावर तिथे उकार होता की हलन्त, हे त्या फाइलवरून खात्रीने सांगता येत नाही. जुनं होस्टिंग महिनाभर आधी बंद केलं असतं, तर बाईंची सगळी मेहनत कायमची अशीच भोकं पडलेली राहिली असती. मी त्या दिवशी सगळ्यात आधी जुन्या जागेची मुदत वाढवून घ्यायला लावली. खजिनदारांनी कुरकुर केली, पण पैसे भरले.

मग जुन्या सर्व्हरवरून नव्याने डम्प काढला. या वेळी डेटाबेसशी जोडणीच लॅटिन म्हणून केली, म्हणजे त्याला काही बदलायचं कारण उरत नाही आणि बाइट जसेच्या तसे बाहेर येतात. ती फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडली नाही. कमांडनेच तिच्यातली अक्षरसंचाची नोंद बदलून युटीएफ-८-एमबी-४ केली. शेवटचा तो 'चार' महत्त्वाचा आहे. मायएसक्यूएलचं जुनं 'युटीएफ-८' तीनच बाइट सामावून घ्यायचं. देवनागरीचं त्यात भागतं, पण कुणी अभिप्रायात एखादं हसरं इमोजी टाकलं की एकतर मजकूर तिथून पुढे कापला जातो, नाहीतर तो अभिप्राय जतनच होत नाही.

एवढ्यावर भागलं असं वाटलं होतं, तर अभिप्रायवहीचा तक्ता वेगळाच निघाला. ती वही नंतर कधीतरी एका प्लगइनने जोडलेली होती आणि त्या प्लगइनने स्वतःचा तक्ता पहिल्यापासून नीट युनिकोडमध्ये ठेवला होता. लेखांना लागू पडलेला उपाय तिला लावला असता, तर चांगला मजकूर बिघडला असता. म्हणून एकेक तक्ता उघडून, आत काय आहे ते पाहून मगच पुढे जायचं ठरवलं. या कामात 'सगळं एकदम करून टाका' असं म्हणणाऱ्याचं मी ऐकत नाही.

मधे साइडबारही रिकामा झाला होता. त्याचं कारण लहानसं आहे, पण मराठीत ते जास्त अडतं. वर्डप्रेस काही सेटिंग लांबीच्या आकड्यासह साठवतं, आणि ती लांबी बाइटमध्ये मोजतं. 'मराठी'पुढे तिथे १५ लिहिलेलं असतं. साइट एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर नेताना कुणी साधं शोधा-आणि-बदला केलं की पत्त्यात एक एस वाढतो, आकडा मात्र जुनाच राहतो आणि ते अख्खं सेटिंग वाचलंच जात नाही. त्यासाठी वर्डप्रेसची कमांडलाइनवर चालणारी स्वतःची साधनं आहेत, ती हा आकडा दुरुस्त करत जातात. आकडे हातांनी दुरुस्त करणारे मी पाहिलेत. अक्षरं मोजून १५ च्या जागी ५ लिहितात आणि मग रात्रभर बसतात.

साइट नीट आली का हे तपासायची रूढ पद्धत म्हणजे लेखांची संख्या जुळवणं. जुन्याकडे जितके लेख तितकेच नव्याकडे. ती जुळवून बघावीच, पण तिच्यावर विसंबू नये, कारण फुटलेल्या प्रतीतसुद्धा संख्या तंतोतंत जुळत होती. मजकूर वाचावा लागतो, आणि तो माहीत असलेल्या माणसाने वाचावा लागतो. मी आणि बाई वाचनालयातच बसलो. माझ्या लॅपटॉपवर होस्ट्स फाइलमध्ये नव्या सर्व्हरचा पत्ता घातला होता, त्यामुळे जगाला जुनी साइट दिसत होती आणि आम्हाला तेच नाव टाकून नवी. बाई मोठ्याने वाचत होत्या. कुठल्या पानावर काय आहे हे त्यांना तोंडपाठ. "ते झाशीवरचं भाषण काढ," म्हणाल्या, "त्यात झ पण आहे आणि ऐतिहासिक पण." मला चाचणीसाठी इतकं नेमकं पान स्वतःहून सापडलं नसतं.

एका जुन्या आठवणींच्या पानावर त्या थांबल्या. मजकूर ठीक होता, पण खालची पीडीएफ उघडेना. फाइलच्या नावात 'शेतकऱ्यांच्या' असा शब्द होता. फोल्डरमध्ये ती फाइल डोळ्यांसमोर दिसत होती, अक्षर न् अक्षर तेच, आणि सर्व्हर सांगत होता की अशी फाइल नाही. बाकीच्या पीडीएफ उघडत होत्या. ज्यांच्या नावात ऱ आहे तेवढ्याच अडत होत्या.

युनिकोडमध्ये ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक सबंध अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन खुणांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच. जुन्या मॅकची फाइल-व्यवस्था नावं सुटी करून, म्हणजे दुसऱ्या तऱ्हेने, साठवते. आधीच्या खेपेला फाइली एका जुन्या मॅकवर उतरवून घेऊन तिथून नव्या सर्व्हरवर चढवल्या होत्या. लिनक्स सर्व्हर नाव डोळ्यांनी वाचत नाही, बाइट जुळतात का तेवढं पाहतो. दुव्यात सबंध ऱ, फाइलीच्या नावात सुटा. मी त्या फाइली पुसल्या आणि आरसिंक या साधनाने जुन्या सर्व्हरवरून थेट नव्यावर आणल्या. मधे कुणाचाच लॅपटॉप नको. तेव्हापासून जिथे दोन्हीकडे एसएसएच मिळतं तिथे मी दुसरी वाट धरतच नाही. शिवाय एफटीपीने ओढताना टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली मागे राहतात, आणि मग मुखपृष्ठ दिसतं पण आतलं एकही पान उघडत नाही.

अक्षरं जागेवर आल्यावर डोमेनकडे वळलो. लोक "वेबसाइट घेतली" म्हणतात तेव्हा त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी घेतलेल्या असतात. डोमेन हा सातबारा, होस्टिंग ही भाड्याची खोली. दोन्ही एकाच कंपनीकडून एका बिलात येतात म्हणून फरक जाणवत नाही. खोली बदलणं सोपं आहे. सातबाऱ्यावर नाव कोणाचं, हा प्रश्न बिकट असतो, आणि तो साइट हलवायची वेळ येईपर्यंत कुणी विचारत नाही.

इथे नाव त्या इंजिनिअरिंगच्या मुलाचं होतं, आणि नोंदवलेला मेल त्याच्या कॉलेजचा, कधीच बंद झालेला. डोमेनबद्दलचं प्रत्येक सूचनापत्र त्या मेलवर जात होतं. डोमेनची मुदत कुणाच्या लक्षात न येता संपली असती, तर वाढीव दिवस उलटल्यावर शेवटी ३० दिवस जास्त पैसे भरून ते सोडवून घेता आलं असतं, आणि त्यानंतर जगात कुणालाही ते नाव विकत घेता आलं असतं. मुलगा आता बंगळुरूला असतो. त्याची मावशी वाचनालयाची सभासद, तिच्याकडून नंबर मिळाला. साइट अजून चालू आहे हे ऐकून त्याला मनापासून आनंद झाला. ओळखपत्रं पाठवणं, जुना मेल बदलून घेणं, कंपनीला फोन करणं, सगळं त्याने ऑफिस सांभाळून केलं. डोमेन संस्थेच्या नावावर आलं. संपर्काचा मेल आम्ही मुद्दाम त्याच डोमेनवरचा ठेवला नाही; डोमेनच बंद पडलं तर ते सोडवायचं पत्र कुठे येणार?

डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या डीएनएसची रचना १९८३ ची आहे आणि तिचं मूळ तत्त्व आजही तेच आहे: एकदा मिळालेलं उत्तर अमुक सेकंद जपून ठेवा, तोवर परत विचारू नका. या डोमेनला तो आकडा ८६४०० होता, म्हणजे पूर्ण दिवस. आधी तो ३०० केला, जुना आकडा जगभरातून विरून जाईपर्यंत थांबलो, आणि मग एका रविवारी सकाळी पत्ता बदलला. रात्री दोनला करायची पद्धत मला पटत नाही. काही अडलं तर फोन उचलायला माणूस जागा हवा.

पत्ता बदलण्याआधी डीएनएसमधली प्रत्येक नोंद मी वहीत उतरवून घेते, विशेषतः मेलच्या नोंदी. साइट बंद पडली तर लगेच बोभाटा होतो. मेल बंद पडलं तर कित्येक दिवस कळत नाही, कारण न आलेल्या पत्राबद्दल कुणाला काय ठाऊक असणार? जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार, देणगीदारांची पत्रं, सगळं याच डोमेनच्या मेलवर होतं. मेल कुठे पोचवायचं ती एमएक्स नोंद, आपल्या नावाने मेल पाठवायचा अधिकार कोणत्या सर्व्हरला हे सांगणारी एसपीएफ, आणि पत्रावरची डिजिटल सही पडताळायला लागणारी डीकेआयएम, तिन्ही नव्याने बसवल्या. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू याबाबत कडक झालेत. या नोंदी नसल्या तर पत्र स्पॅममध्ये पडतं किंवा परत येतं. पेटीतली जुनी पत्रं वेगळी उचलावी लागली. पुरानंतर ज्यांनी ज्यांनी पुस्तकं पाठवली होती त्यांची पत्रं त्यात होती. बाईंनी ती एकेक उघडून पाहिली, मगच पुढे जाऊ दिलं.

बॅकअपबद्दल कार्यकारिणीत चर्चा झाली. "कंपनी ठेवतेच की रोज," असं एक सदस्य म्हणाले. मी त्यांना स्ट्रासबुर्गची गोष्ट सांगितली. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या त्या शहरात ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत पूर्ण जळाली, आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता अशा काहींची साइट आणि बॅकअप दोन्ही गेले. पुराचं पाणी पाहिलेल्या माणसांना यापुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. एक प्रत वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, एक पुण्यातल्या सभासदाकडे, असा ठराव त्याच सभेत झाला. डोमेनची मुदत आणि पासवर्डचं पाकीट हे पदभार देण्याच्या यादीत घालायचं, हाही. कार्यवाह बदलले की किल्ल्यांबरोबर तेही नव्या हातात जाईल.

जुनं होस्टिंग आम्ही नवी साइट सुरू झाल्यावरही महिनाभर चालू ठेवलं. खजिनदारांना हे दुहेरी भाडं शेवटपर्यंत पटत नव्हतं. शेवटच्या आठवड्यात मी जुन्या सर्व्हरची मेलपेटी उघडून पाहिली, तर तिच्यात एक नवं पत्र होतं. पाठवणाऱ्या संस्थेची साइटही त्याच जुन्या कंपनीकडे, त्याच सर्व्हरवर होती. हे डोमेन आपल्याकडेच आहे असं सर्व्हरला अजून वाटत होतं, म्हणून त्याने ते पत्र बाहेर पाठवलंच नाही, आतल्या आत जुन्या पेटीत टाकलं. त्या संस्थेला आपल्याकडची दुबार पुस्तकं वाचनालयाला द्यायची होती आणि गाडी कधी पाठवू असं विचारलं होतं. खजिनदारांनी ते पत्र दोनदा वाचलं. बाईंनी लगेच फोन लावून तारीख ठरवली, आणि त्यानंतर मी जुनं खातं बंद करायचा अर्ज भरला.